एक गठ्ठा, पत्रव्यवहार

इंग्लंडमध्ये १८४० पर्यंत पत्राचे पैसे बहुधा लिहिणारा भरत नसे. ज्याच्या दारात पत्र येई, तो भरत असे. पेनी पोस्ट आलं आणि ही रीत उलटली. कुठल्याही संदर्भग्रंथात सापडेल अशी ही गोष्ट. तरी पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही अठराव्या शतकातल्या पत्ररूप कादंबऱ्या वाचल्या तेव्हा ती कधी समोर आली नाही, आणि इतिहासाच्या वर्गात टपालाचा विषय निघाला तो रस्ते आणि कालव्यांच्या जोडीनं निघाला. मला ती कळली तिसऱ्या वर्षी, प्लेसमेंटवर, म्हणजे अभ्यासक्रमातल्या नोकरीच्या वर्षात असताना. घड्या उलगडलेल्या एका कागदाच्या पाठीवर शाईनं ओढलेला एक आकडा होता. तो टपालाचा आकार. पत्र लिहिणारी बाई विधवा, हातावर पोट असलेली. ती ज्यांच्याकडे मदत मागत होती, त्यांनाच तिची मागणी वाचण्यासाठी आधी खिशात हात घालावा लागला होता.

साहित्य आणि इतिहास असे दोन विषय घेऊन, मध्ये एक वर्ष नोकरी करून ब्रिटनमध्ये पदवी घेता येते. मी ती घेतली. या मधल्या वर्षाकडे बहुतेक जण सीव्हीवरची एक ओळ म्हणून बघतात. विद्यापीठांची माहितीपत्रकंही तसंच सांगतात: अनुभव मिळेल, ओळखी होतील, नोकरी लवकर लागेल. हे खोटं नाही. पण माझ्या दोन विषयांची एकमेकांशी खरी ओळख झाली ती त्या वर्षात, वर्गाबाहेर, आणि तीही अशा कामात की ज्याला वरकरणी कुणी अभ्यास म्हणणार नाही. म्हणून हे लिहायला बसले.

या प्रकाराला तिकडे सँडविच कोर्स म्हणतात. त्याचा उगम इंजिनिअरिंगचा. १९०३ मध्ये संडरलंडच्या तांत्रिक महाविद्यालयानं कारखान्यातलं काम आणि वर्गातलं शिक्षण आलटून पालटून देणारा अभ्यासक्रम सुरू केला, आणि तिथून ही कल्पना पसरत गेली. कला शाखेत ती फार उशिरा आली. आजचा साचा साधारण असा: दोन वर्षं वर्ग, तिसरं वर्ष काम, चौथ्या वर्षी परत वर्ग आणि डिझर्टेशन, म्हणजे मोठा शोधनिबंध. इंग्लंडमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांकडून त्या तिसऱ्या वर्षासाठी पूर्ण फीच्या कमाल मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना प्रत्येक विद्यापीठ आपापला आकडा सांगतं. स्टुडंट व्हिसावर असाल तर ते काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं आणि त्याचं मूल्यमापनही व्हावं लागतं. त्यामुळे वर्षभर नोंदवही ठेवायची, मध्ये ट्यूटर येऊन भेटून जाणार, शेवटी एक अहवाल. कागदोपत्री एवढंच.

आता दोन विषयांबद्दल. दोन्ही विभाग एकाच इमारतीत असले तरी त्यांच्या सवयी अगदी वेगळ्या. साहित्याच्या सेमिनारमध्ये चौदा ओळींच्या कवितेवर तासभर बोलणं चालायचं: हा शब्द इथं का, ओळ इथंच का तुटली, बोलणारा कोण, तो कुणाशी बोलतोय. लेखक कोण होता, काय खात होता, कर्जात होता का, हे विचारलं की प्राध्यापक हसून म्हणायचे, ते बाजूला ठेवू, आधी मजकूर बघू. इतिहासाच्या सेमिनारमध्ये बरोबर उलट. कागद कुणी तयार केला, कशासाठी, तो टिकला कसा, त्याच्या जोडीचे कुठले कागद गेले, हे आधी. भाषेचा डौल म्हणजे वरचं साल. ते सोलून आतली माहिती काढायची.

मराठी वाचकाला ही फाळणी ओळखीची वाटेल, कारण आपल्याकडे बखरीचं हेच झालं. कृष्णाजी अनंत सभासदानं सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवचरित्र लिहिलं. मराठीच्या वर्गात ती बखर जुन्या गद्याचा नमुना म्हणून शिकवली जाते, तिच्या छोट्या, ठसकेबाज वाक्यांचं कौतुक होतं. इतिहासाच्या वर्गात तीच बखर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असते आणि तिची उलटतपासणी चालते. दोन्ही वर्ग आपापल्या जागी बरोबर. पण सभासदानं वाक्य असं का रचलं आणि ते कुणाला ऐकवण्यासाठी रचलं, हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत, असं मला तेव्हाही वाटायचं. पटवून देता यायचं नाही.

तसं पाहिलं तर ही भिंत अनेकांनी ओलांडली आहे. इतिहासकार ई. पी. थॉमसन १९४८ पासून लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात प्रौढांचे वर्ग घेत. नोकरी-धंदा करणारी माणसं त्यांच्यासमोर बसत, आणि ते त्यांना साहित्यही शिकवत, इतिहासही. इंग्लंडमधल्या कामकरी वर्गाच्या घडणीवरचा त्यांचा १९६३ चा मोठा ग्रंथ वाचताना हे जाणवत राहतं. धमकीचं निनावी पत्र असो की एखाद्या पंथाचं स्तोत्र, ते कवितेसारखं कान देऊन वाचतात. इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधले माफीचे अर्ज घेतले. खून केलेली माणसं राजाकडे दया मागताना आपली गोष्ट कशी रचून सांगत, हे त्यांनी दाखवलं. अर्जातली गोष्ट खरी की खोटी यापेक्षा ती गोष्ट म्हणून कशी उभी राहते, यातून त्या काळाबद्दल जास्त कळतं, हे त्यांचं म्हणणं मला दुसऱ्या वर्षी वाचताना फार आवडलं होतं. आवडलं होतं, एवढंच. तसं काही हाताळलं नव्हतं.

प्लेसमेंट शोधायची म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून अर्ज सुरू. प्रकाशनसंस्था, संग्रहालयं, ग्रंथालयं, वारसावास्तू सांभाळणाऱ्या संस्था. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वर्षभरापर्यंतची प्लेसमेंट करणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. इंजिनिअरिंग किंवा अकाउंटिंगवाल्यांना याचा फारसा फरक पडत नाही, कंपन्या त्यांना चांगला पगार देतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र याच सवलतीच्या आधारानं वर्षभर फुकट राबवून घेता येतं. मला एका मोठ्या, नावाजलेल्या संग्रहालयानं पूर्ण वेळाचं काम देऊ केलं, प्रवासखर्चापलीकडे एक पैसा न देता. महागड्या शहरात वर्षभर स्वतःच्या पैशानं राहू शकेल, त्यालाच तिथं जाता येणार. मग जुने कागद कुणी सांभाळायचे, त्यांतलं कुठलं महत्त्वाचं मानायचं, हे ठरवणाऱ्यांमध्ये पुढे कुठल्या घरातली माणसं असणार, हे उघड आहे. मला याचा राग आला होता आणि अजून येतो. कायद्यातली ही सवलत काढून टाकली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेवटी एका जिल्ह्याच्या अभिलेखागारात जागा मिळाली. पगार बेताचा, पण पगार होता. ही जिल्हा दफ्तरखान्यांची पद्धत इंग्लंडमध्ये शंभर वर्षांच्या आसपासची. पहिला १९१३ मध्ये बेडफर्डशरमध्ये उभा राहिला. आत काय असतं? चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, कोर्टाची गुंडाळपत्रं, जमिनीचे नकाशे, मृत्युपत्रं, आणि गरिबांच्या मदतनिधीचे हिशेब. लग्नाच्या वह्या मला विशेष प्रिय झाल्या. १७५३ चा विवाह कायदा पुढच्या वर्षी लागू झाल्यावर नवरा-नवरी दोघांनाही वहीत सही करावी लागे. जिला येत नसे ती फुली काढी. त्या फुल्या मोजूनच इतिहासकारांनी अंदाज बांधला की अठराव्या शतकाच्या मध्यावर साधारण दहापैकी सहा नवरदेवांना सही करता येत होती आणि वधूंपैकी दहातल्या चारजणींना जेमतेम. पण वहीवर बोट ठेवून बघितलं की एकेक फुली वेगळी दिसते. एखादी घट्ट, कोरल्यासारखी. एखादी घसरलेली, लेखणी पहिल्यांदाच धरलेल्या हाताची. आकडेवारीत त्या सगळ्या सारख्या मोजल्या जातात.

काम काय होतं ते सांगते, कारण ऐकायला ते किरकोळ वाटतं. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कारण गंज कागद खातो. जुनी लोह-शाईही काही ठिकाणी कागद खाऊन अक्षराच्या आकाराची भोकं पाडते. असा कागद वेगळा काढून दुरुस्तीला द्यायचा. हात धुऊन कोरडे करायचे. कागदासाठी हातमोजे घालत नाहीत, मोज्यात बोटांची जाण जाते आणि कागद फाटतो. पेन आत न्यायचं नाही, फक्त मऊ शिसपेन्सिल. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात क्रमांक, आम्लरहित घडीपत्र, पेटी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कागद ज्या क्रमानं आले त्या क्रमाला हात लावायचा नाही. १८४१ मध्ये फ्रान्समध्ये हा दंडक पडला की एका उगमातून आलेले कागद एकत्र ठेवायचे, विषयवार फोडायचे नाहीत. पुढे त्याला मूळ क्रम जपण्याचा नियम जोडला गेला. पहिल्यांदा मला तो कारकुनी हट्ट वाटला. मग एका पुडक्यात एका बाईच्या पत्रांच्या मध्येच जोडे शिवणाऱ्याचं बिल सापडलं, आणि हे बिल इथं का, याचं उत्तर आधीच्या पत्रात होतं. तिनं मुलासाठी जोडे मागितले होते. बिल ‘हिशेब’ या वेगळ्या पेटीत गेलं असतं तर मागणी पुरी झाली हे कधीच कुणाला कळलं नसतं. कवितेत एक ओळ दुसरीच्या शेजारी असण्याला अर्थ असतो, हे मला दोन वर्षं शिकवलं गेलं होतं. ते कागदांच्या ढिगालाही लागू पडतं, हे तेव्हा दिसलं.

तर ते पुडकं. जुन्या यादीत त्याची नोंद एवढीच होती: ओव्हरसिअर, पत्रव्यवहार, एक गठ्ठा. ओव्हरसिअर म्हणजे पॅरिशमधला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावातला, गरिबांच्या निधीचा कारभारी, गावातल्याच खात्यापित्या माणसांतून वर्षासाठी नेमलेला. १६६२ च्या सेटलमेंट कायद्यानं प्रत्येक माणसाला एक हक्काचं पॅरिश असे, आणि अडचणीत त्याला पोसण्याची जबाबदारी त्या पॅरिशची. माणूस कामासाठी लंडनला गेला, तरी बेकार झाला, आजारी पडला की मागायचं आपल्या पॅरिशकडे. त्यातून ही पत्रं. १८३४ चा नवा गरीब कायदा येईपर्यंत अशी हजारो लिहिली गेली आणि काही थोडी टिकली. लिहिणारे अर्धशिक्षित. शब्द उच्चारावरून लिहिलेले, विरामचिन्हं नाहीत, मध्येच मोठी अक्षरं. वाचायची युक्ती अशी की मोठ्यानं वाचायचं. डोळ्याला जे अगम्य दिसतं ते कानाला लगेच कळतं, आणि त्या बोलण्यातली गावाकडची ढबही ऐकू येते.

माझं काम होतं त्या ‘एक गठ्ठा’ची फोड करून प्रत्येक पत्राची दोन-तीन ओळींत नोंद लिहिणं. कोणाचं, कुठून, कधीचं, काय मागितलं, काय मिळालं. हे लिहिताना मला जेवढा विचार करावा लागला तेवढा कुठल्याही निबंधाला लागला नव्हता. ‘मदतीची याचना’ लिहू की ‘मदतीची मागणी’? बाईचा सूर नम्र आहे. मला लिहिण्याची मोकळीक घेतल्याबद्दल क्षमा असावी, अशी सुरुवात जवळजवळ प्रत्येक पत्रात असते. तेव्हाची रीतच ती. पण चार ओळींनंतर ती सांगते, पैसे आले नाहीत तर मला मुलांना घेऊन गावी परतावं लागेल, आणि ते तुम्हाला जास्त महाग पडेल. ही याचना आहे का? ती हिशेब मांडते आहे. कायदा तिला पक्का ठाऊक आहे. ओव्हरसिअरलाही ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे. मी ‘मागणी’ लिहिलं. माझ्यावर देखरेख करणाऱ्या अभिलेखपाल बाई, तीसेक वर्षं हेच काम केलेल्या, त्यावर बराच वेळ बोलल्या. नोंदीतला शब्द पुढे संगणकावर शोधला जाणार. ज्याला ‘याचना’ सापडेल त्याला लाचार माणसं सापडतील, ज्याला ‘मागणी’ सापडेल त्याला हक्क सांगणारी. दोन ओळींची नोंद हासुद्धा इतिहास लिहिण्याचा प्रकार आहे आणि तिच्याखाली कुणाची सही नसते, असं त्या म्हणाल्या. शब्द मात्र त्यांनी बदलला नाही.

त्या बाईच्या पत्रांत दोन गोष्टी होत्या ज्यांनी मला महिनोन्महिने सोडलं नाही. एक, लग्न झालेल्या बाईचं हक्काचं पॅरिश म्हणजे नवऱ्याचं पॅरिश, आणि तो गेल्यावरही तेच राहतं. ती लंडनमध्ये राहत होती. ज्या गावाला ती ‘घरी परत येईन’ म्हणून बजावत होती, ते तिनं कधी पाहिलं तरी होतं का? कागदांवरून कळत नाही. कायद्यानं तिला एक घर दिलं होतं आणि ती ते शब्द म्हणून वापरत होती, पुरेपूर ताकदीनं. दुसरी गोष्ट, अक्षर. पत्रं एकाच नावाची, पण हात तीन. एक शाळेत घोटलेला, तिरका. एक मोठा, अडखळणारा. एक घाईचा, शब्द एकमेकांत घुसलेले. शेजारी, घरमालक, एखादा शिकलेला मुलगा, कुणीतरी तिच्यासाठी लिहून दिलं असणार. अशी पत्रं लिहून देणं तेव्हा सर्रास चाले.

चौथ्या वर्षी परत आले तेव्हा बरोबरीचे बरेच जण पदवी घेऊन निघून गेले होते. वर्गात थोडं परकं वाटलं. पण वाचन बदललं होतं. सॅम्युअल रिचर्डसन मी आधी कादंबरीचा जनक वगैरे म्हणून वाचला होता. आता त्याचा धंदा दिसला. तो लंडनमधला छापखानेवाला. दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सांगितलं, सामान्य लोकांना प्रसंगाप्रसंगाला कशी पत्रं लिहावी याच्या नमुन्यांचं पुस्तक करून दे. ते लिहिता लिहिता त्याला एका मोलकरणीच्या पत्रांची कादंबरी सुचली आणि १७४० मध्ये ‘पामेला’ आली. नमुन्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. म्हणजे इंग्रजी कादंबरीतला हा मोठा टप्पा पत्रलेखनाच्या गाइडच्या कामातून निघाला, आणि मी पेटीत हाताळलेल्या पत्रांतली ठरीव सुरुवातही त्याच गाइडांच्या जगातली. चार्ल्स लॅमचंही तसंच. इंग्रजी ललित निबंधातलं हे मोठं नाव १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षं लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यात कारकून होतं. स्वतःबद्दल लिहिताना त्यानं म्हटलंय की माझे खरे ग्रंथ त्या कचेरीच्या फडताळांवर आहेत. ज्या कंपनीनं १८१८ मध्ये पेशवाई बुडवली, तिच्या जमाखर्चाच्या वह्यांत त्याचं अक्षर. त्याचे हळुवार निबंध वाचताना हे विसरायला मला आता जमत नाही, आणि विसरावं असंही वाटत नाही. निबंध त्यामुळे लहान होत नाहीत. त्यातला दमलेला कारकून जास्त खरा होतो.

डिझर्टेशन अर्थातच त्या पत्रांवर केलं. दोन्ही विभागांचा एकेक मार्गदर्शक. साहित्यवाल्या सरांना सगळ्यात रस होता तीन हातांमध्ये. लेखक ही कल्पनाच किती ठिसूळ आहे याचं एवढं चांगलं उदाहरण कुठं मिळणार, असं ते म्हणायचे, आणि फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्तच्या ‘लेखकाचा मृत्यू’ या १९६७ च्या निबंधाशी ते जोडायला सांगायचे. इतिहासवाल्या मॅडमचा आग्रह होता की हात कुणाचे हे सिद्ध होत नसेल तर ‘अज्ञात लेखनिक’ असं लिहून पुढे जावं. मी दोघांचंही ऐकलं आणि मग पत्रं ओळीनं लावून तिन्ही हातांची तुलना केली. स्पेलिंग बदलतं, अक्षर बदलतं, सुरुवातीची क्षमायाचना कमीजास्त होते. पण गावी परत येण्याचं वाक्य तिन्ही हातांत येतं आणि दर वेळी पत्राच्या त्याच जागी येतं: मुलाची तब्येत सांगून झाल्यावर, भाड्याचा विषय काढण्याआधी. भाड्याची रक्कम ती कधीच गोल आकड्यात सांगत नाही. आणि ओव्हरसिअर बदलला की नव्या माणसाला जुन्यानं काय कबूल केलं होतं याची आठवण पहिल्याच पत्रात करून देते. लिहून देणारे तिघे वेगवेगळे असताना ही रचना तिघांनाही सुचली असं मानणं कठीण आहे. बोलून लिहवून घेणारी एकच होती आणि काय कुठं म्हणायचं हे ती ठरवत होती.

साधनांच्या यादीत लेखकाच्या रकान्यात मी तिचं नाव घातलं. मॅडमनी समासात लिहिलं, पुरावा परिस्थितिजन्य आहे. सरांनी लिहिलं, ‘लेखिका’ शब्दाचा अर्थ आधी स्पष्ट करावा लागेल. त्यावर मी एक प्रकरण वाढवलं, वाक्यांच्या जागांचा तक्ता जोडला आणि रकान्यातलं नाव तसंच ठेवलं. अभिलेखागारातल्या नोंदीत मात्र नियमाप्रमाणे ‘स्वाक्षरी अमुक नावाची, तीन भिन्न हस्ताक्षरं’ एवढंच आहे, आणि तिथं तेवढंच असणं मला योग्य वाटतं.